ओळख परेड : एक अपुरा प्रयोग

वर्तमानपत्राच्या जिल्हा पानावर एक छायाचित्र आपण नेहमी पाहतो. मागे स्थानिक गुन्हे शाखेचे अधिकारी व कर्मचारी उभे असतात. पुढे जमिनीवर तीन-चार जण बसवलेले असतात आणि त्यांच्या तोंडावर काळे बुरखे असतात. बीड असो, परभणी असो, चित्र तेच. आरोपीची अब्रू राखण्यासाठी बुरखा घालतात, असा पुष्कळांचा समज आहे. खरे कारण वेगळे आहे. पुढे कधीतरी साक्षीदारासमोर काही माणसांची रांग उभी करून ‘यात तो माणूस आहे का?’ असे विचारायचे असते. त्याआधी साक्षीदाराने आरोपीचा चेहरा वर्तमानपत्रात पाहिला, तर त्या विचारण्याला काही अर्थ उरत नाही. रांग उभी करून विचारण्याच्या या पद्धतीला ओळख परेड म्हणतात.

बारकाईने पाहिले तर ओळख परेड हा एक प्रयोग आहे. त्यात एक गृहीतक असते : हा संशयित म्हणजेच गुन्हा करणारा माणूस. तुलनेसाठी इतर माणसे असतात. चाचणी असते, निरीक्षण असते आणि पंचांसमक्ष केलेली नोंद असते. तेव्हा विज्ञानाचा शिक्षक कोणत्याही प्रयोगाला जे प्रश्न विचारतो, तेच इथे विचारता येतात. नमुना दूषित तर झाला नाही? तुलना योग्य गोष्टींशी केली का? प्रयोग करणाऱ्याच्या अपेक्षेचा परिणाम निष्कर्षावर झाला का? चुकण्याचे प्रमाण किती?

महाराष्ट्रातील परेडीच्या नियमांना हे प्रश्न लावून पाहणे, एवढाच या लेखाचा हेतू आहे. निष्कर्ष आधीच सांगतो. आपले नियम लबाडीविरुद्ध चांगले आहेत. प्रामाणिक चुकीविरुद्ध मात्र ते फार तोकडे आहेत.

नियम काय सांगतात?

ओळखीच्या पुराव्याला १८७२ च्या भारतीय पुरावा कायद्यात नवव्या कलमाने जागा दिली होती. १ जुलै २०२४ पासून त्या जागी भारतीय साक्ष अधिनियमाचे सातवे कलम आले. अटक केलेल्या व्यक्तीला ओळखीसाठी उभे राहण्याचा आदेश न्यायालय देऊ शकते. ही तरतूद आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५४ मध्ये आहे. परंतु परेड प्रत्यक्षात कशी घ्यावी, याचे तपशील या कायद्यांत नाहीत. महाराष्ट्रात ते मुंबई उच्च न्यायालयाच्या क्रिमिनल मॅन्युअलमध्ये आहेत.

हे तपशील वाचताना ते लिहिणाऱ्यांच्या सावधपणाचे कौतुक वाटते. परेड पोलिसांनी घ्यायची नाही, दंडाधिकाऱ्याने घ्यायची. तालुक्याच्या ठिकाणी हे काम बहुधा नायब तहसीलदारांकडे येते. दोन स्वतंत्र पंच हवेत. परेड चालू असताना पोलिसांनी तेथे थांबायचे नाही. एक आरोपी असेल तर रांगेत किमान सहा माणसे, दोन असतील तर दहा-बारा. दोनपेक्षा जास्त आरोपी शक्यतो एका रांगेत नसावेत. पोलीस आणि न्यायालये ज्यांना ‘डमी’ म्हणतात ती ही इतर माणसे वयाने आणि अंगयष्टीने आरोपीसारखी असावीत. आरोपीने रांगेत हवी ती जागा घ्यावी, दोन साक्षीदारांच्या मध्ये जागा व कपडे बदलावेत. साक्षीदारांना वेगळे बसवावे, एकेकाला आत आणावे. ओळखून झालेला साक्षीदार राहिलेल्यांना भेटता कामा नये.

या प्रत्येक नियमामागे एक शंका आहे. पोलीस खूण करतील. साक्षीदार आपसात बोलतील. आरोपी आधीच दाखवून ठेवलेला असेल. या शंका रास्तच आहेत आणि नियमांनी त्यांना बऱ्यापैकी उत्तर दिले आहे. पण सर्व नियम काटेकोर पाळले, पोलीस सरळ वागले, साक्षीदारही खरे बोलला, तरीही निरपराध माणूस ओळखला जाऊ शकतो का? जातो. त्याची किंमत किती असू शकते, हे महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात दिसते.

सोळा वर्षे

५ जून २००३ च्या रात्री नाशिकजवळ बेलतगव्हाण परिसरात पेरूच्या बागेतील एका झोपडीवर दरोडा पडला. पाच जणांचा जीव गेला, स्त्रियांवर अत्याचार झाले. एक आई आणि तिचा मुलगा जखमी अवस्थेत वाचले. तेच दोघे प्रत्यक्षदर्शी साक्षीदार. पुढे सहा जणांना अटक झाली. सहाही जण भटक्या जमातीतले, मजुरी करणारे. साक्षीदारांनी त्यांना ओळखले. २००६ मध्ये सत्र न्यायालयाने सहाही जणांना फाशी सुनावली. उच्च न्यायालयाने २००७ मध्ये तिघांची फाशी कायम ठेवली व तिघांना जन्मठेप दिली. सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये पुन्हा सहाही जणांना फाशी दिली. त्यांतला एक जण घटनेच्या वेळी अठरा वर्षांचाही नव्हता, हे नंतर सिद्ध झाले.

मग फेरविचार झाला. ५ मार्च २०१९ रोजी न्या. सिक्री, न्या. अब्दुल नझीर आणि न्या. शहा यांच्या पीठाने सहाही जणांना निर्दोष सोडले. प्रत्येकाला पाच लाख रुपये भरपाई द्यायला सांगितले. तोवर १६ वर्षे होत आली होती.

न्यायालयाने दाखवलेली एक गोष्ट आपल्या विषयाच्या दृष्टीने फार महत्त्वाची आहे. घटनेनंतर दोनच दिवसांनी, ७ जून २००३ रोजी, त्या माउलीने पोलिसांजवळच्या छायाचित्रांतून चार जणांना ओळखले होते. हे चौघे वेगळेच होते. त्यांचा पुढे तपास झाला नाही. त्यानंतर अटक झालेल्या सहा जणांना ओळखले गेले आणि खटला त्या दुसऱ्या ओळखीवर चालला. गरीब, भटक्या जमातीतील माणसांना खोटे गोवले जाण्याची शक्यता नाकारता येत नाही, असेही न्यायालयाने नोंदवले.

त्या आईला खोटे ठरवण्याचा प्रश्नच येत नाही. तिने जे भोगले त्यानंतर तिच्या हेतूवर कोण शंका घेईल? नेमके म्हणूनच हे उदाहरण शिकण्यासारखे आहे. साक्षीदार प्रामाणिक, तरी दोन वेळच्या ओळखीतील माणसे वेगळी. हे कसे होते?

स्मरण म्हणजे छायाचित्र नव्हे

डोळा कॅमेरा आणि मेंदू अल्बम, ही उपमा आपण वर्गात सहज वापरतो. ती सोडून दिलेली बरी. १९३२ मध्ये केंब्रिजच्या फ्रेडरिक बार्टलेट यांनी दाखवून दिले की आठवणे म्हणजे साठवलेले बाहेर काढणे नव्हे, तर दर वेळी नव्याने रचणे. मोकळ्या जागा आपण ओळखीच्या गोष्टींनी भरतो आणि भरल्या आहेत हे आपल्या लक्षातही येत नाही.

१९७४ मध्ये एलिझाबेथ लॉफ्टस व जॉन पामर यांनी अमेरिकेत विद्यार्थ्यांना मोटारींच्या अपघाताच्या फिती दाखवल्या. मोटारी ‘एकमेकींवर आदळल्या’ तेव्हा वेग किती होता, असे काहींना विचारले. ‘एकमेकींना लागल्या’ तेव्हा किती होता, असे इतरांना. फीत तीच, क्रियापद बदलले, तर सांगितलेला सरासरी वेगही बदलला. आठवड्याने आणखी एक प्रश्न विचारला : फुटलेल्या काचा पाहिल्या का? फितीत काच फुटलेली नव्हतीच. ‘आदळल्या’ हा शब्द ऐकलेल्या ५० पैकी १६ जणांना ती दिसली होती. सौम्य शब्द ऐकलेल्या ५० पैकी ७ जणांना.

‘एवढा भयंकर प्रसंग, तो चेहरा माणूस जन्मात विसरेल का?’ असे आपण म्हणतो, न्यायालयातही म्हटले जाते. अमेरिकी सैनिकांच्या प्रशिक्षणातील एक अभ्यास २००४ मध्ये चार्ल्स मॉर्गन व सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केला. युद्धकैद्यासारखी वागणूक देणाऱ्या या प्रशिक्षणात उलटतपासणी करणारा माणूस सैनिकासमोर, उजेडात, अर्ध्या तासाहून अधिक वेळ असे. दुसऱ्या दिवशी प्रत्यक्ष माणसांच्या रांगेतून त्याला ओळखायचे होते. सौम्य चौकशी झालेल्यांपैकी ६२ टक्के सैनिकांनी बरोबर ओळखले. अंगावर येणारी, धाकदपटशाची चौकशी झालेल्यांपैकी फक्त ३० टक्क्यांनी. भीतीने प्रसंग मनात कोरला जातो हे खरे, पण चेहरा त्याबरोबर कोरला जातोच असे नाही.

म्हणजे साक्षीदाराची आठवण हा रक्ताच्या डागासारखा, बोटांच्या ठशासारखा पुरावा आहे. तो काळजीने हाताळला तर उपयोगी, निष्काळजीने हाताळला तर दूषित होणारा. मानसशास्त्रज्ञ गॅरी वेल्स यांनी १९७८ मध्ये यात एक उपयुक्त भेद केला. घटनेच्या वेळी उजेड किती होता, साक्षीदार किती घाबरला होता, या गोष्टी आपल्या हातात नसतात. परेड कशी घ्यायची, हे मात्र पूर्णपणे आपल्या हातात असते. आता आपल्या नियमांतील त्रुटी एकेक पाहू.

पहिली त्रुटी : ‘कोणता?’ हा प्रश्न

परेडीला बोलावलेला साक्षीदार मनाशी काय म्हणतो? ‘ज्या अर्थी पोलिसांनी बोलावले, त्या अर्थी माणूस सापडलेला आहे. मला फक्त दाखवायचा आहे.’ मग तो प्रत्येक चेहरा आपल्या आठवणीशी ताडून पाहत नाही. रांगेतले चेहरे एकमेकांशी ताडतो आणि त्यातल्या त्यात जवळचा निवडतो. बहुपर्यायी प्रश्नपत्रिकेत उत्तर येत नसताना विद्यार्थी हेच करतात.

वेल्स यांनी १९९३ मध्ये यावरचा एक सुरेख प्रयोग मांडला. घडवून आणलेल्या चोरीच्या साक्षीदारांना छायाचित्रांचा संच दाखवला. चोर संचात असताना शंभरातील ५४ जणांनी त्याला ओळखले आणि २१ जणांनी ‘यात नाही’ असे सांगितले. दुसऱ्या गटाला त्याच संचातून फक्त चोराचे छायाचित्र काढून उरलेली दाखवली. आता ते ५४ जण काय म्हणायला हवेत? ‘यात नाही.’ म्हणजे नाही म्हणणारे २१ अधिक ५४, एकूण ७५ व्हायला हवेत. प्रत्यक्षात फक्त ३२ निघाले. बाकीच्यांनी दुसऱ्या कोणाला तरी चोर ठरवले.

यावर एक साधे औषध आहे. ‘तो माणूस या रांगेत असेल किंवा नसेलही, नसेल तर नाही म्हणणे हेही बरोबर उत्तर आहे,’ असे आधी स्पष्ट सांगायचे. रॉय मालपास व पॅट्रिशिया डिव्हाइन यांच्या १९८१ च्या प्रयोगात खरा माणूस रांगेत नव्हता. ‘तो आहेच’ असे सुचवणारी सूचना मिळालेल्या साक्षीदारांपैकी ७८ टक्क्यांनी कोणाला तरी ओळखले. ‘नसेलही’ असे सांगितलेल्यांत हे प्रमाण ३३ टक्क्यांवर आले. एका वाक्याने एवढा फरक पडतो. ठरावीक शब्दांत, प्रत्येक साक्षीदाराला हे वाक्य ऐकवलेच पाहिजे, असे बंधन आपल्याकडे हवे.

दुसरी त्रुटी : उत्तर ठाऊक असलेला परीक्षक

नंदीबैल आपण सर्वांनी पाहिला आहे. ‘यंदा पाऊस पडेल का?’ विचारले की तो मान हलवतो. बैलाला पावसाचे ज्ञान नसते, मालकाचा इशारा कळत असतो, हे लहान मुलांनाही माहीत असते. विसाव्या शतकाच्या आरंभी बर्लिनमध्ये हान्स नावाचा एक घोडा गणिते सोडवतो म्हणून गाजला होता. मालक मुद्दाम इशारा करत नव्हता, त्याचा तर घोड्यावर ठाम विश्वास होता. ऑस्कर फुंग्स्ट यांनी १९०७ मध्ये कोडे उलगडले. प्रश्न विचारणाऱ्यालाच उत्तर माहीत नसले की घोड्याचे गणित चुकायचे. बरोबर आकडा येताच विचारणाऱ्याच्या मानेत व चेहऱ्यात नकळत होणारा सूक्ष्म बदल तो घोडा टिपत असे.

नवीन औषधाची चाचणी घेताना म्हणूनच, खरे औषध कोणाला दिले हे रुग्णाला सांगत नाहीत आणि तपासणाऱ्या डॉक्टरलाही सांगत नाहीत. आपल्या परेडीत पोलिसांना बाहेर ठेवले, हे चांगलेच. पण दंडाधिकारी आणि पंच यांना संशयित कोण हे ठाऊक असते, कारण त्याच्यासारखे डमी निवडण्याचे आणि रांग लावण्याचे काम त्यांच्यासमोरच होते. साक्षीदार डमीजवळ थांबला की ‘नीट बघा, घाई नाही’, आणि संशयिताजवळ थांबला की लेखणी उघडली, एवढे पुरेसे असते. यात कोणाचीही बदमाशी नाही. परेड लावणारा एक आणि साक्षीदारासमोर उभा राहणारा दुसरा, ज्याला संशयित कोण हे माहीतच नाही, अशी वाटणी केली की ही त्रुटी दूर होते.

तिसरी त्रुटी : डमी कोणासारखे?

एक संशयित आणि सहा डमी अशी सात जणांची रांग घेऊ. साक्षीदाराने केवळ अंदाजाने बोट दाखवले, तर निरपराध संशयित सापडण्याची शक्यता सातात एक. पण समजा, साक्षीदाराने फिर्यादीत ‘उंच, दाट मिशा, गालावर व्रण’ असे वर्णन दिले आहे आणि रांगेत उंच व मिशीवाले तिघेच आहेत. मग कागदावर सात असले तरी रांग तिघांचीच आहे. व्रण एकट्या संशयितालाच असेल, तर रांग नाहीच.

हे तपासण्याची एक सोपी पद्धत कॅनडातील अँथनी डूब व हेर्शी किर्शनबॉम यांनी १९७३ मध्ये वापरली. घटना मुळीच न पाहिलेल्या लोकांना फक्त साक्षीदाराचे वर्णन द्यायचे आणि रांगेच्या छायाचित्रातून माणूस निवडायला सांगायचे. त्यांनी तपासलेल्या खटल्यात साक्षीदाराने आरोपी ‘दिसायला बरा’ एवढेच सांगितले होते. रांग बारा जणांची होती. तरीही काहीच न पाहिलेल्यांपैकी सुमारे निम्म्यांनी संशयितालाच निवडले! अशा रांगेत खऱ्या साक्षीदाराने त्याला ओळखले, तर त्यातून काय सिद्ध होते?

‘आरोपीसारखे दिसणारे डमी’ एवढी अट म्हणून पुरत नाही. डमी साक्षीदाराने आधी दिलेल्या वर्णनात बसणारे हवेत आणि संशयित त्यांच्यात उठून दिसता कामा नये. त्यासाठी वर्णन आधी सविस्तर लिहून घेतलेले हवे आणि रांगेचे छायाचित्र नोंदीला जोडलेले हवे. आज ते नसेल, तर नंतर न्यायालयाने तरी काय तपासावे?

चौथी त्रुटी : पहिली ओळख आणि शेवटची ओळख

कायद्यानुसार परेडीतील ओळख हा पूरक पुरावा. मूळ पुरावा म्हणजे न्यायालयात शपथेवर केलेली ओळख. विज्ञान याच्या नेमके उलट सांगते. एकदा परेडीत एक चेहरा निवडला की तोच चेहरा आठवणीत जाऊन बसतो. पुढे तीन-चार वर्षांनी, आरोपीच्या पिंजऱ्यात उभ्या असलेल्या त्याच माणसाकडे बोट दाखवताना साक्षीदाराला गुन्ह्याची रात्र आठवते की परेडीचा दिवस, हे त्याचे त्यालाही सांगता येणार नाही. म्हणून पहिली चाचणी हीच खरी चाचणी. बेलतगव्हाणच्या खटल्यात ती ७ जूनला झाली होती.

खात्रीचेही तेच. वेल्स व एमी ब्रॅडफील्ड यांनी १९९८ मध्ये दाखवले की चुकीची ओळख केलेल्या साक्षीदाराला नुसते ‘छान, बरोबर ओळखलेत’ म्हटले, तरी त्याची खात्री वाढते. एवढेच नव्हे, आपल्याला चेहरा स्पष्ट दिसला होता आणि आपण नीट लक्ष देऊन पाहिले होते, असेही तो सांगू लागतो. न्यायालयातील ठाम स्वर असा घडत जातो. उलट परेड नीट घेतलेली असेल, तर ओळखल्याच्या क्षणीच साक्षीदाराने सांगितलेली खात्री बरीच भरवशाची असते, हे जॉन विक्स्टेड व वेल्स यांनी २०१७ मध्ये मांडले. ‘हाच, शंकाच नाही’ आणि ‘हा असावा, पण नक्की सांगता येत नाही’ यांतला फरक त्याच वेळी, साक्षीदाराच्याच शब्दांत उतरवला पाहिजे. आपल्या नोंदीत बहुधा एकच वाक्य उरते : ‘ओळखले’.

दिरंगाईने हे सारे आणखी बिघडते. ११ जुलै २००६ च्या मुंबईतील लोकल गाड्यांच्या बॉम्बस्फोटांत १८० हून अधिक माणसे मेली. त्या खटल्यात २१ जुलै २०२५ रोजी उच्च न्यायालयाने बाराही आरोपींना निर्दोष ठरवले. काही साक्षीदार घटनेनंतर शंभराहून अधिक दिवसांनी पुढे आले होते. रोज अनेक प्रवासी पाहणाऱ्या टॅक्सीचालकाला एकच चेहरा इतक्या दिवसांनी आठवावा, असे विशेष काय घडले होते, असा प्रश्न न्यायालयाला पडला. परेड घेणाऱ्या विशेष कार्यकारी अधिकाऱ्याला त्या वेळी अधिकारच नव्हता, हेही एक कारण ठरले. तीनच दिवसांनी सर्वोच्च न्यायालयाने हा निकाल इतर खटल्यांत दाखला म्हणून वापरू नये, असा आदेश दिला. तेव्हा त्या निकालाचा आधार जपूनच घ्यायचा. पण अधिकाऱ्याची मुदत संपली होती का, हा प्रश्न कागद पाहून सुटतो. साक्षीदाराची आठवण किती उरली होती, हा प्रश्न तसा सुटत नाही. नीट घेतलेली परेडच त्याचे थोडेफार उत्तर देऊ शकते.

पाचवी त्रुटी : रांगेत उभा कोण राहतो?

ही त्रुटी सर्वांत मोठी, आणि परेड सुरू होण्याआधीची आहे. ती समजायला दहावीचे गणित पुरते.

असे गृहीत धरू की खरा गुन्हेगार रांगेत असेल तर साक्षीदार शंभरात ५० वेळा त्याला ओळखतो आणि निरपराध संशयित उभा असेल तर शंभरात १० वेळा चुकून त्याच्याकडे बोट दाखवतो. आकडे फक्त हिशेबासाठी घेतले आहेत. आता एका पोलीस ठाण्यात भक्कम धागादोरा मिळाल्यावरच माणसाला रांगेत उभे करतात. १०० परेडींपैकी ९० मध्ये संशयित खरा गुन्हेगार आहे, १० मध्ये नाही. ओळखले गेलेले खरे ४५, निरपराध १. म्हणजे ४६ ओळखींत एक चूक.

दुसऱ्या ठाण्यात ‘या वस्तीतलेच कोणी असणार’ म्हणून माणसे उचलतात. १०० पैकी २० परेडींतच संशयित खरा आहे. ओळखले गेलेले खरे १०, निरपराध ८. म्हणजे १८ ओळखींत आठ चुका! साक्षीदार तेच, दंडाधिकारी तेच, नियम तेच. फरक फक्त माणूस कोणत्या कारणाने रांगेत आला, याचा.

१८७१ च्या कायद्याने इंग्रजांनी काही जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवले. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी त्या विमुक्त झाल्या. कायदा गेला, संशय गेला नाही. आष्टी तालुक्यातील पारधी वस्तीवरच्या मुलांना शिकवणाऱ्या शिक्षकांना हे वेगळे सांगायला नको. दसरा-दिवाळीच्या सुमारास बीड जिल्ह्यातून लाखो माणसे ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात, परक्या गावच्या शिवारात कोपी टाकून राहतात. त्या गावी ती सर्वांनाच अनोळखी असतात. अनोळखी माणसावर संशय घेणे सोपे, आणि संशयावरून रांगेत उभे केलेल्याला ‘ओळखणे’ त्याहून सोपे. रांगेत उभे करण्याइतका संशय कशावरून आला, हे परेडीआधी लेखी नोंदवण्याची अट म्हणूनच आवश्यक आहे.

मग करायचे काय?

अमेरिकेत डी.एन.ए. चाचणीमुळे २०२० पर्यंत ३७५ शिक्षा झालेली माणसे निर्दोष ठरली. त्यांपैकी सुमारे ६९ टक्के प्रकरणांत चुकीची ओळख हे एक कारण होते. तेथील मानसशास्त्रज्ञांच्या संघटनेने २०२० मध्ये नऊ शिफारशी केल्या. लेखी संशय, आधी घेतलेले वर्णन, संशयित कोण हे न जाणणारा परीक्षक, योग्य डमी, ‘नसेलही’ ही सूचना, तत्क्षणी खात्रीची नोंद, संपूर्ण चित्रीकरण आणि एका संशयितासाठी एकदाच ओळख, या त्यांतील मुख्य होत.

यात बीडला किंवा माजलगावला न जमणारे काय आहे? दोन नायब तहसीलदार, एक छापील सूचनापत्र आणि एक मोबाईल कॅमेरा. दिव्यांग साक्षीदाराने ओळख करायची असेल तर चित्रीकरण झालेच पाहिजे, असे कायदा आजच म्हणतो. ते सर्वांसाठी करायला हवे. मूळ नियमांची चौकट मोडायची गरज नाही, तीत भर घालायची आहे.

एक आक्षेप मात्र प्रामाणिकपणे मांडला पाहिजे. साक्षीदाराला अधिक सावध केले, तर काही खरे गुन्हेगारही सुटतील. हे काही प्रमाणात खरे आहे. सर्व माणसे एकत्र न दाखवता एकेक करून दाखवण्याची पद्धत एके काळी फार नावाजली गेली. तिने चुकीच्या ओळखी कमी होतात तशा बरोबर ओळखीही कमी होतात, हे नंतर दिसले आणि तिच्याविषयी अजून एकमत नाही. पण परीक्षकाला संशयित माहीत नसणे किंवा खात्रीची नोंद त्याच क्षणी करणे, यांत खऱ्या गुन्हेगाराचा काहीच फायदा नाही. उलट चुकीच्या ओळखीत त्याचा मोठा फायदा असतो. बेलतगव्हाणच्या सहा जणांची १६ वर्षे गेली, आणि ज्या आईने सारे गमावले तिलाही न्याय मिळाला नाही.

वर्गात करून पाहा

आठवी ते बारावीच्या वर्गात हा प्रयोग जमतो. विद्यार्थ्यांच्या ओळखीची नसलेली एक व्यक्ती, तिच्या संमतीने, तासाच्या मध्येच अर्धा मिनिट वर्गात येऊन काही वस्तू घेऊन जाईल असे करा. चोरीचे नाटक करू नका आणि विद्यार्थ्याला त्यात गोवू नका. लगेच प्रत्येकाकडून वर्णन लिहून घ्या. दोन दिवसांनी त्या वर्णनात बसणाऱ्या सहा जणांची छायाचित्रे, त्यांच्या परवानगीने, दाखवा. त्यात ती व्यक्ती ठेवू नका. निम्म्या वर्गाला लेखी विचारा, ‘यातील कोण आले होते?’ उरलेल्यांना विचारा, ‘आलेली व्यक्ती यात असेल किंवा नसेलही. आहे का? असल्यास कोण?’ प्रत्येकाने आपली खात्री शंभरपैकी किती, हेही लिहावे. छायाचित्रे दाखवणारा विद्यार्थी असा निवडा की त्याने ती व्यक्ती पाहिलेलीच नाही.

दोन्ही गटांचे कोष्टक फळ्यावर मांडा. किती जणांनी नसलेल्या माणसाला ओळखले आणि किती खात्रीने, ते मोजू द्या. लगेच लिहिलेली वर्णने एकमेकांशी ताडून पाहू द्या. आपण चुकलो याची कोणालाही लाज वाटू नये, हे मात्र आधीच सांगा. चूक डोळ्यांची नाही, हेतूचीही नाही. स्मरणाचा तो स्वभावच आहे. उद्या यांतलाच कोणी पंच होईल, कोणी फौजदार, कोणी नायब तहसीलदार, कोणी साक्षीदार. आणि एखादा, काही न करता, त्या रांगेतही उभा असेल.